रतनगड ते हरिश्चंद्रगड: रेंज नसलेल्या दोन दिवसांत काही झालंच तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र डिसेंबरमधे शनिवार-रविवार रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर, करणार आहेत. राजगड-तोरणा झालाय, फिटनेस बरा आहे, पण या भागात फोन लागत नाही म्हणून घरचे घाबरलेत. तर सॅटेलाईट फोन घ्यावा का, फर्स्ट एड किटमधे काय भरायचं, आणि वेळ आलीच तर हेलिकॉप्टर बोलावता येतं का. मी या भागात ग्रुप घेऊन जातो आणि रेस्क्यूचा फोन आला की स्ट्रेचरचं एक टोक धरायलाही जातो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

हेलिकॉप्टरचं आधी मिटवून टाकू. ते येणार नाही असंच धरून चला. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा हेलिकॉप्टर तयार ठेवलेली होती, पण हवाच अशी होती की उडता आलं नाही, आणि वर गाडीरस्ता नसल्यामुळे मोठी मशीनपण नेता येईनात. शेवटी एनडीआरएफ काय नि आजूबाजूच्या गावातले ट्रेकर काय, सगळे पावसात चिखल तुडवत चालत वर गेले. आणि हा इर्शाळगड मुंबई-पुणे रस्त्यावरून दिसतो. तुम्ही तर अकोले तालुक्याच्या पार आतल्या जंगलात चाललाय.

आता हिशोब करा. कात्राबाईच्या जंगलात सकाळी अकराला एकाचा पाय मोडला. दोघं खाली गावात जाणार, त्यात दीडदोन तास. फोन लागेल अशी जागा शोधायची, फोन करायचा. रेस्क्यूवाले म्हणजे काही ड्युटीवर बसलेली माणसं नाहीत, कोणी बँकेत आहे, कोणाचं दुकान आहे, सगळे आपापली कामं टाकून सामान गोळा करून निघणार, चारपाच तास गाडी, मग अंधारात चढ, मग पेशंटला बांधून खाली आणणं. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि दमल्यावर बदलायला अजून तेवढेच, आणि जंगलातल्या वाटेवर तासाला एक किलोमीटर झालं तरी खूप. म्हणजे अकराला पाय मोडला तर हॉस्पिटल मध्यरात्रीनंतर, कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी. गावकरी मिळाले तर खूप लवकर होतं, त्यावर पुढे येतोच.

म्हणून माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर आहे. तयारी म्हणजे मोठं किट नाही, मदत येईपर्यंतचे दहा-बारा तास जिथे आहात तिथे धड काढता येणं आणि मदतीला नेमकं कुठे यायचं ते कळवता येणं. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

सॅटेलाईट फोन विसरा. भारतात तो लायसन्सशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात ते सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं गार्मिनचं इनरीच वगैरे पण त्यातच येतं. परदेशातून आलेल्या लोकांना हे यंत्र बॅगेत सापडलं म्हणून आपल्या विमानतळांवर अडकवून ठेवल्याच्या बातम्या आल्यात. अमेरिकेतल्या भावाने पाठवलं तरी नको. आयफोनची सॅटेलाईट एसओएस सोयसुद्धा आपल्याकडे चालत नाही, तेव्हा त्या भरवशावर कोणी असेल तर आताच सांगून टाका.

साधा फोन मात्र बराच उपयोगी पडतो, नीट वापरला तर. एक म्हणजे तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी 112 लागू शकतो, स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसतं ते त्याच्यासाठीच. त्यामुळे पाच जणांकडे एकाच कंपनीची सिम नकोत, दोनतीन वेगळ्या असू द्या. रेंज शोधायची तर दरीत फिरत बसू नका, सोंडेवर (डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवर) नाहीतर खिंडीत या, जिथून लांबचा पठारी भाग उघडा दिसतो तिथे एखादी काडी मिळून जाते. त्या एका काडीवर व्हॉट्सॲप गोल गोल फिरत बसतं पण एसएमएस जातो. त्यामुळे एसएमएसच करा. आणि फोन सकाळपासून फ्लाईट मोडवर ठेवा, रेंज नसली की फोन दिवसभर टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी गेली, हे मी इतक्या लोकांचं बघितलंय की आता खिंडीत बसल्यावर पहिला तोच प्रश्न विचारतो.

जीपीएसला रेंज लागत नाही हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. फ्लाईट मोडमधेपण तो चालतो (काही फोनमधे लोकेशन वेगळं चालू करावं लागतं, घरी करून बघा). गूगल मॅपचा ऑफलाईन नकाशा गाडीला ठीक आहे, पण जंगलातल्या पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एखादं ॲप घ्या, ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड, आणि पूर्ण भाग वायफायवर डाऊनलोड करून ठेवा. मदत मागताना आकडे सांगायचे. हरिश्चंद्रगड साधारण 19.38, 73.77 असा आहे, पण एवढ्यावर माणूस सापडत नाही, कारण दशांशानंतर दोनच आकडे म्हणजे किलोमीटरभराचा फरक पडू शकतो. चार आकडे सांगितले की दहाबारा मीटरवर येतो. एसएमएसमधे तेच चार-चार आकडे टाका आणि सोबत शब्दात लिहा, ‘कात्राबाई खिंडीतून कुमशेतच्या बाजूला उतरताना, ओढ्याच्या डाव्या हाताला’ असं. आकडा लिहिताना एखादा इकडचा तिकडे झाला तरी शब्दांवरून कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला एक रुपया लागत नाही. घरी एक कागद ठेवून जा. त्यावर पाचही जणांची नावं, वय, ब्लडग्रुप, कोणाला काय आजार, कुठली गोळी चालू आहे. गाडीचा नंबर आणि ती रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडीत कोणाच्या अंगणात लावलीय ते. शनिवारी रात्री मुक्काम कुठे, रविवारी कुठून उतरणार, आणि ठरलेली वाट नाही जमली तर दुसरी कुठली घेणार. आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘रविवारी रात्री 9 पर्यंत फोन आला नाही तर वाट बघा. 11 पर्यंत नाही आला तर 112 ला फोन करून हा कागद वाचून दाखवा.’ ही वेळ लिहिलीच पाहिजे. नाहीतर होतं काय, आई संध्याकाळी सातलाच घाबरून सगळ्या नातेवाईकांना फोन करते, किंवा याच्या उलट, घरचे म्हणतात रेंज नसेल, येतील सकाळी, आणि त्यात अख्खी रात्र जाते. कागदावरची वाट वर गेल्यावर मूड आला म्हणून बदलायची नाही. बदललीत तर गावात निरोप ठेवा.

गावाबद्दल. सह्याद्रीतला पहिला रेस्क्यू गावकरीच करतात, शहरातली टीम नंतर पोचते. कुमशेतसारख्या गावात आधी फोन करून किंवा पोचल्यावर ज्या घरी जेवणार त्या मामांना-मावशींना सांगून ठेवा की आम्ही पाच जण, उद्या या वाटेने जाणार, दुपारपर्यंत पाचनईत. पोलीस पाटील कोण आहेत ते विचारून त्यांचा नंबर घ्या. ही गावातली सरकारी नेमणूक असते, पोलीस ठाण्याशी त्यांचा थेट संबंध असतो, आणि कोणाकडे जीप आहे, कोण आज गावात आहे हे त्यांना पाठ असतं. आशाताई कोण तेही विचारा. जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, रात्री डॉक्टर असतात का, हे तिच्याइतकं गूगलला माहीत नाही. एसटी मुक्कामी येते का, पहाटे किती वाजता सुटते तेही विचारून घ्या, पायी चालणाऱ्या पण दुखावलेल्या माणसाला राजूर-अकोल्याकडे न्यायला कधीकधी तीच गाडी पहिली मिळते.

गावकरी पेशंट कसा आणतात ते एकदा बघण्यासारखं असतं. एक जाड बांबू किंवा लाकडाची दांडी, तिला घोंगडी नाहीतर चादर दोन्ही टोकांना गाठ मारून बांधायची, आत माणूस, पुढेमागे दोन खांदे. झाली झोळी. अरुंद वाटेवरून आमचं स्ट्रेचर जिथे अडकतं तिथून ही निघून जाते. पण एक लक्षात ठेवा, उंचावरून पडलेल्या, पाठ-मान दुखतेय म्हणणाऱ्या, किंवा पाय बधिर झालेल्या माणसाला झोळीत घालायचं नाही. त्याला तिथेच सरळ पडू द्या, डोकं हलू देऊ नका, पांघरूण घाला आणि टीमची वाट बघा. घाई करून उचलणारे प्रेमानेच उचलतात, पण तुमच्यापैकी एकाने तरी तिथे ठाम नाही म्हटलं पाहिजे.

वाट चुकण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण या पट्ट्यात पाय मोडण्यापेक्षा वाट चुकणं जास्त होतं. जंगलात ढोरवाटा इतक्या असतात की मळलेली म्हणून धरली ती वाट गुरांची निघते आणि कारवीच्या झुडपांत जाऊन संपते. वीस मिनिटं खूण दिसली नाही, बाण नाही, दगडांची रचलेली उतरंड नाही, तर थांबा आणि जिथे शेवटची खात्री होती तिथपर्यंत मागे या. पुढे जाऊन बघू म्हणणारा प्रत्येक ग्रुपमधे एक असतो, त्याला मागे चालवा. आणि ‘ओढा धरून खाली उतरलं की गाव लागतं’ हे जे सगळे सांगतात ते सह्याद्रीत चालत नाही. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे, भाकऱ्यांची चवड रचावी तसा थरावर थर, आणि थराची कड आली की उभा कातळकडा. पावसाळ्यात प्रत्येक कडेवरून ओढ्याचा धबधबा होतो. म्हणजे डिसेंबरात कोरडी दिसणारी घळ उतरत गेलात की पन्नास-शंभर फुटांच्या कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी येता, वरचे दोन टप्पे उड्या मारून उतरलेले असतात म्हणून परत चढता येत नाही, खाली जाता येत नाही. अडकलेले लोक आम्हाला पुन्हापुन्हा अशाच जागी सापडतात. चुकलात तर सोंडेवर या, उघड्यावर, जिथून दिसता आणि दिसतं.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य जातो, जंगलात साडेपाचलाच अंधारतं. त्यामुळे तीन वाजता ठरवायचं, सहाच्या आत पोचतोय का. नसेल पोचत आणि वाटेची खात्री नसेल तर उजेड आहे तोवर बरी जागा बघून बसा. रात्र बाहेर काढणं कंटाळवाणं असतं पण जिवावर बेतत नाही, अंधारात कड्याकडेला वाट शोधणं बेततं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात पाहिजे, एकाच्या सॅकच्या तळाशी नको. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. रात्री टॉर्चनेपण तसंच. ही जगभरची डोंगरातली खूण आहे, समोरून मिनिटाला तीन आले म्हणजे ऐकलं.

थंडीला लोक हसतात, महाराष्ट्रात कसली थंडी म्हणे. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकड्यात जातो, आणि चढून आल्यामुळे टीशर्ट घामाने भिजलेला, वर वारा, आणि पाय मोडलेला माणूस तर हालचाल न करता जमिनीवर पडून. जमीन खालून ऊब ओढून घेते. म्हणून आधी त्याच्या खाली घाला, मग वर. मॅट, दोर, रिकाम्या सॅक, सुका पालापाचोळा, जे असेल ते. ओले कपडे काढून कोरडे घाला, टोपी घाला. प्रत्येकाकडे एक चंदेरी फॉइल ब्लँकेट (शंभर ग्रॅमपण नसतं) आणि कचऱ्याच्या सगळ्यात मोठ्या साईजच्या दोन काळ्या पिशव्या असू द्या. पिशवीच्या बंद बाजूला डोकं जाईल एवढं भोक पाडून ती घातली की वारा थांबतो. थरथर थांबली आणि माणूस काहीतरी असंबद्ध बोलायला लागला तर तो बरा झाला असं समजू नका, उलट आहे.

साप. थंडीत कमी दिसतात, पण देवळाच्या ओट्यावर किंवा गुहेत जमिनीवर झोपणार असाल तर मण्यार लक्षात ठेवा, ती रात्री फिरते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही असं कोणी म्हणालं तर ॲसिडिटीची गोळी देऊन बसू नका. तंबू असेल तर चेन पूर्ण बंद करून झोपा. चावल्यावर करायचं फार थोडं आहे: अंगठी, घड्याळ, कडं काढा, हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा काठ्या लावून स्थिर करा, चालवू नका, उचलून न्या. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. ती आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळते, पण निघण्याआधी कुठल्या ठिकाणी साठा आहे हे 108 ला किंवा आशाताईला विचारा, नाहीतर एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्यात वेळ जातो. विंचवाचं तसंच, लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर एकवेळ ठीक, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर लगेच निघा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात काम करताना प्राझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होतात ते दाखवून दिलं, आता हा उपचार गावपातळीवरचे डॉक्टरपण करतात. गोळी मात्र तुम्ही स्वतः द्यायची नाही, बीपी बघून द्यावी लागते.

मला सापापेक्षा मधमाश्यांची जास्त भीती वाटते. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि धूर, डिओचा वास, आरडाओरडा, ड्रोन, यातलं काहीही त्यांना पुरतं. उठल्या तर हात झटकत उभं राहायचं नाही, बसायचं पण नाही. तोंड-मान जॅकेटने झाका आणि आल्या वाटेने लांब निघा. कडा असेल तर पळू नका, कारण मधमाशी उठल्यावर माणसांना आधी पळताना पडून इजा होते, डंखाने नंतर. काटा नखाने खरवडून जितक्या लवकर निघेल तितका काढा. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास होतोय तर ॲलर्जीची सेट्रिझिन गोळी पुरत नाही, ॲड्रेनलिन लागतं, म्हणजे डॉक्टर लागतो. आधी कधी असं झालेला माणूस ग्रुपमधे असेल तर त्याने डॉक्टरांना विचारूनच यावं. पन्नासच्या वर डंख असतील तर माणूस हसत-बोलत असला तरी हॉस्पिटलला न्या, किडनीला त्रास नंतर होतो.

किट मग अगदी छोटं पुरतं. सहा इंची क्रेप बँडेज दोन, गॉज, चिकटपट्टी, बीटाडीन, कात्री, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, ओआरएसची पाकिटं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमधे पूर्ण टाकायचं, अर्धी बाटली-अर्धं पाकीट असं अंदाजे नाही. आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम वर नेऊ नका, पाणी कमी पडलेल्या अंगाला किडनीवर ती बरी नाहीत. ज्याची रोजची गोळी आहे त्याने दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून घड्याळ लावून दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. घोटा मुरगळला तर बूट काढू नका, काढलात तर सुजेने परत जाणार नाही, बुटावरूनच क्रेप गुंडाळा. पाय मोडल्यासारखा वाटला तर कारवीच्या वाळक्या काठ्या आणि गुंडाळलेली मॅट, दोन्ही बाजूंनी बांधून टाका.

पाच जण आहात ते चांगलं आहे. एक पडला तर दोघं त्याच्याजवळ, दोघं खाली. एकट्याला कधीच पाठवायचं नाही. खाली जाणाऱ्यांनी कागदावर लिहून न्यायचं, काय झालंय, किती वाजता, शुद्धीवर आहे का, चालू शकतो का, जागेचे आकडे, वर किती जण आहेत आणि त्यांच्याकडे पाणी-पांघरूण काय आहे. धापा टाकत पोचलेला माणूस फोनवर निम्मं विसरतो. आधी 112, मग महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाईन, तो नंबर घरूनच सेव्ह करून निघा. शिवदुर्ग मित्र, यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा वेगवेगळ्या भागातल्या टीम आहेत, कोण जवळ आहे ते बघून हे सेंटर निरोप देतं, आणि कोणी याचे पैसे घेत नाही. एकदा फोन झाला की ज्या फोनवरून बोललात तो मोकळा ठेवा आणि कृपा करून ट्रेकिंगच्या पन्नास ग्रुपवर ‘अर्जंट मदत हवी’ टाकू नका. माणूस खाली येऊन घरी झोपलेला असतो आणि तो मेसेज चार दिवस फिरत असतो, आम्हाला फोन येत राहतात.

शेवटचं, गाइड. राजगड-तोरणा सोंडेवरून जाणारी उघडी वाट आहे, कात्राबाईचं जंगल तसं नाही, दोन्हीची तुलना करू नका. पहिल्यांदा जाताय तर रतनवाडीतून कुमशेतपर्यंत गावातला माणूस घ्या. पैसे आदल्या रात्रीच ठरवा, घासाघीस नको, त्याचं जेवण तुमच्याकडे, आणि त्याला परत जायला उजेड राहील अशा बेताने सकाळी सहालाच निघा.